पिसांची पिशवी आणि पचमढी

सौसर,
ता. २१ डिसेंबर १९८६, रविवार

तीर्थरूप भगवंतमामांना भाचा मुकुंद याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे प्रकृतीने. तुमचं पोट आता कसं आहे? मामींनी तुमचं तळलेलं बंद केलं असं ऐकलं, फार चांगलं केलं. (मागच्या खेपेला इथे खाल्लेल्या अकरा भज्यांबद्दल त्यांना मी अजून काही कळवलेलं नाही, काळजी नसावी.) बागेतली आंबिया बहाराची संत्री उतरली. एक पेटी तणसात घालून तुमच्यासाठी वेगळी ठेवली आहे. ती पाठवायची की तुम्ही येऊन न्यायची, ते हे पत्र पूर्ण वाचल्यावर तुम्हीच ठरवाल.

मी दहा जानेवारीला सायकलने पचमढीला जाणार आहे. हे वाक्य मुद्दाम एका दमात लिहिलं, कारण घरात ते मला पुरतं बोलू देत नाहीत. सोबत श्रावण आहे, आमच्या मंडीतला वजनकाट्यावरचा. मामा, मी अडतीस वर्षांचा झालो. चौदा वर्षं रोज घरून मंडीत आणि मंडीतून घरी सायकल हाणतो. फार झालं तर पुष्पाच्या माहेरी पांढुर्ण्याला, तेही बसने. ही सायकल एकदा तरी सिल्लेवानीच्या घाटावर चढवावी, तामियाला एखाद्या झाडाखाली निजावं आणि पाचव्या दिवशी पचमढीत उतरावं, एवढंच मनात आहे. रजा मंजूर आहे, टायर नवे टाकले आहेत. राहिलं फक्त आईचं 'हो'. ती तुमची थोरली बहीण, तेव्हा तिच्याबद्दल मी तुम्हाला नव्याने काय सांगावं! मागच्या हिवाळ्यात मला निमोनिया झाला होता, म्हणून तिने एकच अट घातली : "उघड्यावर निजशील त अंगावर काय घेशील, थे पह्यले मले दाखव."

मी दाखवायला लागलो. पहिल्यांदा घरचीच वाकळ गुंडाळून कॅरिअरला बांधली. तिचं एक टोक मोहगावच्या रस्त्यावर चेनमध्ये गेलं आणि मी वाकळीसकट नालीत गेलो. मग श्रावणने एका मासिकात स्लीपिंग बॅगचं चित्र पाहिलं. ते घेऊन आम्ही गुलाबभाईकडे गेलो. (गाद्या भरणारे गुलाबभाई. आपल्याकडे कापसाचा काही प्रश्न असला की तिथेच जायचं.) त्यांनी चित्र उलटसुलट पाहिलं, शिंप्यासारखं माझं माप घेतलं आणि तीन बाजूंनी बंद अशी पिशवी शिवून तीत कापूस भरायला सुरुवात केली. मी 'पुरे' म्हणत होतो, ते भरत होते. "बाबू, रुई कमी पडली त थंडी आत शिरते, मंग माह्यं नाव खराब होते." पिशवी सहा किलोंची झाली. गुंडाळताना श्रावणला तिच्यावर बसावं लागे. सरावासाठी तिला घेऊन जामसावळीला निघालो तर पहिल्याच चढावर सायकलचं पुढचं चाक उचललं गेलं, आणि मागून येणारा बैलबंडीवाला 'एका बाजूनं घ्या' म्हणून ओरडला. तरी मी हटलो नाही. एक रात्र ती बागेत दवात ठेवून पाहिली. सकाळी ती दोघांनाही उचलेना आणि वाळायला चार दिवस लागले. आता पुष्पा तीत गहू ठेवते. गव्हाला अजून सर्दी झालेली नाही.

मग तुम्ही आलात. माझं पत्र वाचून नागपूरहून, जुनं फौजी सामान विकणाऱ्या दुकानातून, ती पिशवी घेऊन आलात. मामा, तुमचे उपकार विसरणार नाही. गुंडाळली तर कोहळ्याएवढी, उघडली तर साडेपाच फुटांचा माणूस कानटोपीसकट आत. चेन छातीपर्यंत बरोबर लागते, पुढे तिला चुचकारावं लागतं, पण त्याचं काही नाही. आईनेसुद्धा हात लावून 'नरम हाय' म्हटलं होतं. माझी पचमढी तेव्हा हातभर अंतरावर आली होती. आणि तेवढ्यात तुम्ही, सातवं भजं तोंडात असताना, आमच्या तुळशीची माळ घातलेल्या घरात, जिथे अंड्याचं नावसुद्धा आवाज खाली आणून घेतात, तिथे मोठ्या अभिमानाने सांगितलंत की आत अस्सल बदकाची पिसं आहेत. सांगून आणखी चार भजी खाल्लीत आणि चारच्या बसने गेलात.

पुढचं मी निस्तरून राहिलो. पिशवी त्याच संध्याकाळी गोठ्यात गेली. तिच्याबरोबर मीही गेलो, कारण निजून पाहिल्याशिवाय ऊब कळणार कशी? बैलांच्या शेजारी आठ दिवस निजलो. (सकाळी अंघोळ केल्याशिवाय ओसरीवर पाय ठेवायचा नाही, हा आईचा हुकूम.) ऊब अशी की मला घाम यायचा. दोष एकच : बाजूची शिवण जरा उसवली होती, तिथून पिसं निघायची. ती माझ्या स्वेटरला चिकटून माझ्याबरोबर मंडीत यायची. गेल्या शनिवारी मंडीतल्या गुणवंताने माझ्या कॉलरवरून एक पांढरं पीस चिमटीत धरून उचललं, उजेडात पाहिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मुकुंदभाऊ, शनिवारी बी सोडत नाही का?" दुपारपर्यंत सगळ्या मंडीत झालं की माळकऱ्यांचा मुकुंद बागेत लपून कोंबडी खातो. संध्याकाळी भजनातल्या जयवंताबाई आईकडे खुलासा मागायला आल्या. आई खोटं बोलत नाही. ती म्हणाली, "तो खात नाही. आत निजते." जयवंताबाई चहा अर्धा ठेवून उठल्या.

त्या गेल्यावर आई माझ्याकडे न पाहता म्हणाली, "थे पोतं घेऊन तू कुठी जायचं नाही." विषय संपला. तिचा संपला, माझा नाही. मामा, मला राग आला आहे आणि वाईटही वाटतं आहे. मी चोरून जाऊ शकतो. श्रावण तेच सांगतो. पण आईचं तोंड उतरलेलं ठेवून मला घाट चढवणार नाही. तिच्या होकारानेच जाईन, दहालाच जाईन आणि याच पिशवीत निजेन.

मामींना नमस्कार सांगा. तब्येत सांभाळा.

आपला आज्ञाधारक भाचा,
मुकुंद

ता. क. : आता मुद्द्याचं. पुढच्या रविवारी या आणि आईला सांगा की दुकानदाराने तुम्हाला फसवलं, आत पिसं नसून सावरीचा कापूस आहे. तो पांढरा असतो, उडतो आणि झाडाला लागतो. सुरुवात तुम्ही केलीत, शेवटही तुम्हीच करा. तिने माळेची शपथ घ्यायला सांगितलं तर पाणी मागा आणि खोकत बसा.

ता. क. दुसरा : उसवलेल्या जागेतून आई पुरावा काढून दाखवील अशी धास्ती होती, पण परवा पाहिलं तर शिवण कुणीतरी बारीक टाक्यांनी शिवून टाकली आहे. पुष्पाच असणार. बिचारी बोलत नाही, पण माझ्या बाजूची आहे.

ता. क. तिसरा (अक्षर पुष्पाचं) : मामा, सादर नमस्कार. हे डिंक आणायला गेले तेवढ्यात पत्र वाचलं आणि सासूबाईंनाही वाचून दाखवलं. शिवण मी शिवलेली नाही, त्यांनी शिवली. हे मंडीत गेले की रोज दुपारी त्या गोठ्यात जाऊन त्या पिशवीत कमरेपर्यंत पाय घालून बसतात आणि तुरीच्या शेंगा सोलतात. मी पाहिलं तेव्हा म्हणाल्या, उंदीर लागू नये म्हणून राखण करून राहिली. पुढचं त्या सांगताहेत तसं लिहिते :

"भगवंता, आशीर्वाद. खोटं बोलायले येऊ नोको, तुले थे लहानपणापासून जमत नाही, कान लाल होतात. मुकुंदा दहा तारखेले जाईन. त्याले थंडी लागीन एवढंच मले भेव होतं, थे आता नाही. त्याचा बाप लग्नाआधी कोणाले न विचारता सायकलनं मले पाहून गेला होता, अन् हे पोट्टं अडतीस वर्षाचं होऊन मामाले चिठ्ठ्या लिहून राहिलं. पण हे पोतं मी देत नाही. माह्ये घुटने दिवाळीपासून ठणकत होते, यात बसून थांबले. येताना त्याच्यासाठी दुसरं घेऊन येजो, अन् या खेपेले आत काय भरलं हाय थे मले सांगू नोको."