झुंबरबाईची सही

प्रिय आप्पा,

समोर बसून बोलायचा प्रयत्न मी परवापासून तीनदा केला. दरवेळी तुम्ही तंबाखू मळायला घेतलीत आणि मळता मळता गोठ्याकडे निघून गेलात. म्हणून आता लिहितेच. एकोणतीस वर्षं पंचायतीचे शिपाई आहात, हातात आलेला कागद पुरता वाचल्याशिवाय तुम्ही खाली ठेवत नाही, हे मला ठाऊक आहे.

एम.ए.साठी वारूळवाडीला खोली घेऊन राहते, तिथं माझं बरं चाललंय. जेवते वेळेवर, आईला सांगितलंच आहे. कॉलेजातल्या मुली म्हणतात, तुझं गाव डोंगरात ना, फोटो दाखव की. मी सातवीतले फोटो दाखवते. आत्ताचे दाखवायची लाज वाटते. अर्धा कापलेला डोंगर आणि पांढरीफटक पडलेली हिरड्याची झाडं कुणाला दाखवायची?

तुम्हाला आठवतं का, लहानपणी मी तुमच्याबरोबर रजिस्टर घेऊन हिंडायचे? ग्रामसभेला माणसं जमायची नाहीत, कोरम भरायचा नाही, मग दुपारी तुम्ही दारोदार सह्या गोळा करायचात. शाईचा पॅड माझ्याकडे असायचा. म्हाताऱ्या बायांचा अंगठा धरून मी अलगद दाबायचे आणि फडक्यानं पुसायचे. त्या दिवसांइतका रुबाब मला पुन्हा कधी मिळाला नाही. आमी पंचायतीचं काम करतो, असं मी वर्गात सांगायचे.

मग ती सातवीतली पंधरा ऑगस्ट. सकाळी शाळेत मी स्वातंत्र्यावर भाषण केलं, टाळ्या घेतल्या. दुपारी तुम्ही रजिस्टर घेऊन निघालात, तर सगळ्या बाया भातातलं तण काढायला, बेणणीला खाचरांत. घरोघरी कडीकुलूप. संध्याकाळी रजिस्टर परत हवं होतं. तुम्ही वडाखाली बसलात, यादी काढलीत आणि मला म्हणालात, तुझं अक्षर चांगलं आहे, लिही. मी विचारलं होतं, आप्पा, चालतं का असं? तुम्ही हसून म्हणालात, “कागूद हाय गं. कागदानं काय डोंगूर हलतो व्हय?”

एकेचाळीस बायकांच्या सह्या केल्या मी. एकीसारखी दुसरी दिसू नये म्हणून जीव ओतला. त्या यादीत एकटी झुंबरबाई अंगठेवाली, हे मला माहीत होतं. पण सगळ्या सह्यांमध्ये तिचा एकटीचाच अंगठा बरा दिसणार नाही, असं मला वाटलं. मला तिची दया आली, आप्पा. म्हणून तिला सगळ्यात देखणी सही दिली, शेवटी वेलांटीसारखा फराटा काढून. दुसऱ्या दिवशी सरपंचांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं आणि कंपासपेटी दिली. ती मी बारावीपर्यंत वापरली.

खडी क्रशर आला तेव्हा मी आठवीत होते. त्याचा आणि माझ्या अक्षराचा काही संबंध असेल, हे मला कळायचं कारणच नव्हतं. आता डोंगर फोडणाऱ्या त्या खाणीची दहा वर्षांची मुदत संपतेय, ती वाढवून घ्यायचा ठराव सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत येणार. आम्ही पोरांनी विरोध केला की आताच्या सरपंचबाईंचे यजमान एकच बोलतात, तुमच्या आयांनीच तर सह्या दिल्यात. म्हणून वरच्या वाडीच्या अमृतनं माहिती अधिकारात खाणीला परवानगी देणाऱ्या जुन्या ठरावाची नक्कल मागवली. दोनदा अर्ज परत आला, तिसऱ्यांदा कागद मिळाले. जुन्नरला झेरॉक्सच्या दुकानासमोर उभं राहून आम्ही सहाजणांनी ते उलगडले, तर ठरावाखाली माझ्याच एकेचाळीस सह्या. आपलं अक्षर माणूस कुठंही ओळखतो.

अमृत म्हणाला, हे सगळं एकाच हाताचं आहे, तो हात शोधायचा. मी मान हलवली. चार दिवस त्याच्याबरोबर दारोदार हिंडून मी माझाच हात शोधत होते, इतकी भित्री निघाले. चौथ्या दिवशी आम्ही झुंबरबाईकडे गेलो. तिच्या ओसरीवर बोट फिरवलं तर पिठासारखी धूळ निघते. खोकल्यानं तिला धड वाक्य पुरं करता येत नाही. अमृतनं तिला तिची सही दाखवली. तिनं कागद उलटासुलटा केला, त्या फराट्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “लई झ्याक हाय रं. पर मला सई येत न्हाई. कुनी शिकलेल्यानं केली आसंल.”

मी तिथंच सांगितलं. सगळ्यांसमोर. झुंबरबाई माझा हात हातात घेऊन बघत राहिली. अमृत दोन दिवस मला टाळून एकटाच दारोदार हिंडला. त्याचं बरोबरच होतं.

डोंगर हलला, आप्पा. झरा आटला, आपलीच दोन खाचरं खडीखाली गेली, आणि तरी आपल्या घरात त्यावर कुणी बोलत नाही. तुम्ही वाईट नाही, हे मला कुणी सांगायला नको. तुम्ही सांगितलेलं काम केलंत. पण सांगितलेलं काम करायचे माझे दिवस आता संपले.

परवा ग्रामसभेत मी उभी राहणार आणि त्या एकेचाळीस सह्या माझ्या आहेत, असं सांगणार. सातवीतली वही आणि ती कंपासपेटी पुराव्याला बरोबर नेणार. रजिस्टर पोरीच्या हातात कुणी दिलं, असं विचारतील. मी खोटं बोलणार नाही. आप्पांनी दिलं, असं म्हणेन, आणि आप्पांना कुणी सांगितलं ते आप्पा सांगतील, असंही म्हणेन. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, नोकरीचं काय होईल, हे प्रश्न माझ्याही डोक्यात रोज घोळतात. मला भीती वाटते. तरी मी उभी राहणार. तुमची परवानगी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही.

लिहिलंय ते ग्रामसभेच्या दवंडीसाठी. सरपंचबाईंच्या यजमानांनी तुम्हाला चहाच्या टपरीवर काय बजावलं, ते मला कळलंय: वरच्या वाडीत जायची गरज नाही, व्हॉट्सॲपवर टाकलंय. वरच्या वाडीत रेंज नसते, हे त्यांना माहीत आहे, तुम्हालाही. धूळ सगळ्यात जास्त तिथंच पडते आणि हात वर करणारी माणसंही तिथंच आहेत. पंचायतीचा भोंगा बिघडल्यापासून तुम्ही आईची काशाची थाळी वाजवत दवंडी देता. ती मी खुंटीवरून काढून या पत्रावर ठेवली आहे. उद्या सकाळी आठ वाजता ती घेऊन तुम्ही वरच्या वाडीची वाट धरलीत, तर मी तुमच्या मागे चालेन, पूर्वी पॅड घेऊन चालायचे तशी. आठनंतर थाळी इथंच दिसली, तर मी ती उचलेन. दवंडी कशी द्यायची, ते मी तुमच्याकडूनच शिकले आहे.

तुमचीच,
इंद्रायणी