पाणंदीपेक्षा चार बोटे रुंद

मी, लवू शांताराम लोके, वय वर्षे ७०, पूर्वीचा धंदा मोटार मेकॅनिक, सध्याचा धंदा खुर्चीत बसून राहणे, राहणार मिठबाव, तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हृदय नाही. ते पंचवीस टक्केच चालते असे सावंतवाडीच्या डॉक्टरांनी नोव्हेंबरात सांगितले, म्हणजे चार सिलिंडरपैकी एकच. मला कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. सापडल्यास ते खोटे समजावे.

घाई अशासाठी की एक वचन राहिले आहे आणि ते आता माझ्या हातून पुरे होईलसे दिसत नाही. पत्नी प्रेमलता हिला मी वाळवंट दाखवणार होतो. त्यासाठी बांधलेली पिकअप गाडी आमच्या अंगणात उभी आहे आणि अकरा वर्षे तिला अंगणाबाहेर पडता आलेले नाही. ते पुढे येईलच. आधी सोप्या गोष्टी उरकतो.

कलम १. राहते घर व अंगण ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ती माझ्यामागे प्रेमलताची आणि तिच्यामागे आमची एकुलती मुलगी प्राजक्ता हिची. प्राजक्ता सावंतवाडीला शाळेत शिकवते, तिला सूचना देण्याची सवय आहे, म्हणून मीही एक देतो. आईला फ्लॅटवर न्यायचे तर आधी विचारावे आणि ती नाही म्हणाली तर ते एकदाच ऐकून गप्प बसावे. ती आयुष्यभर एकाच उंबऱ्यात अडकली आहे, तिला दुसऱ्या उंबऱ्यात अडकवू नये.

कलम २. माडांच्या बागेतील माझा वडिलोपार्जित हिस्सा प्राजक्ताला. माझ्या माडावरचा नारळ कुंपणापलीकडे पडल्यास तो मुळातच माझा थोरला भाऊ भाई याचा असतो, मी देत नाही. आजवर मी तो उचलून आणत होतो.

कलम ३. पोस्टातील ठेव प्रेमलताची. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा नीट ठाऊक आहे.

कलम ४. माझी सर्व हत्यारे, म्हणजे पान्यांचे दोन संच, हायड्रॉलिक जॅक, ग्रीस गन आणि टायरची हवा मोजायचे पितळी मीटर, ही कसालला गॅरेज चालवणाऱ्या मितेशला द्यावीत. सतरा नंबरचा पाना त्याने तीन वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी नेला होता. तो त्याने परत केला आणि मी पुन्हा त्यालाच दिला असे धरावे. मुलगा कामाचा आहे. फक्त एअर फिल्टर झटकून परत बसवतो, ती सवय त्याने सोडावी.

कलम ५. काचेच्या बरणीतील वाळू. हिची थोडी हकिगत सांगणे भाग आहे.

सन १९८७ ते २०११ मी ओमानला, वाळवंटाच्या काठावर एका गॅरेजात नोकरीला होतो. वाळवंटात सफरीला नेणाऱ्या पिकअप गाड्या आम्ही तयार ठेवायचो. पहाटे गाड्या जायच्या, संध्याकाळी अंगभर वाळू घेऊन यायच्या. मग बेअरिंग उघडा, ग्रीस बदला, फिल्टर धुवा, रेडिएटरच्या जाळीत अडकलेली वाळू फुंकून काढा. चोवीस वर्षे हे केले, पण वाळवंटात मी एकदाही गाडी चालवली नाही. चालवायचे ते ड्रायव्हर. मेकॅनिकने फाटकाबाहेर जायचे नाही असा मालकाचा नियम होता आणि पासपोर्ट त्याच्या कपाटात होता. ज्या टेकड्यांसाठी मी शेकडो गाड्या तयार केल्या त्या मी गॅरेजच्या पत्र्याच्या भोकातून पाहिल्या. घरी पत्रात मात्र मी वाळवंटाची वर्णने लिहायचो. ड्रायव्हर जेवताना जे सांगत तेच लिहायचो.

परत आलो तेव्हा प्रेमलताने एकच मागितले. "पत्रांत लिवलास ता सगळा माका एकदा दाखवा. मिया चोवीस वर्सां वाचतंय." तिला तेव्हा खरे सांगितले नाही, आज सांगतो. मीही ते पाहिलेले नाही.

बरणीतली वाळू मी फिल्टरमधून झाडलेली, वर्षाला चिमूट चिमूट जमवलेली. त्यातली अर्धी प्रेमलताने कढईत घालून शेंगदाणे भाजले. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. शेंगदाणे चांगले झाले होते हे इथे मान्य करतो. उरलेली वाळू तिलाच द्यावी.

कलम ६. भाई व गडगा. भाईला मी काहीही देत नाही. वाचणाऱ्याला हे कोतेपणाचे वाटेल, म्हणून कारण लिहितो.

माझ्या अंगणातून डांबरी रस्त्याला जायला एकच वाट आहे, साठ पावलांची पाणंद. तिच्या एका अंगाला माझ्या घराची भिंत, दुसऱ्या अंगाला भाईचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण. पूर्वी तो नुसत्या दगडांवर दगड रचलेला होता. सन २०१४ च्या मे महिन्यात भाईने तो काढून चिऱ्यांचा पक्का गडगा बांधला आणि बांधताना पाणंदीत एक वीत पुढे सरकला. त्याच महिन्यात मी गाडीला रुंद चाके चढवली होती. मोजपट्टी लावली तर गाडी पाणंदीपेक्षा चार बोटे रुंद.

मी तडक देवळात गेलो. पुजारी, मानकरी आणि भाई यांच्या समोर देवाच्या पायरीवर हात ठेवून म्हणालो, "भाई सोताच्या हातान गडगो काढी नाय, तवसर माजी गाडी ह्या पाणंदीतसून जावची नाय!" भाई म्हणाला, "मगे ऱ्हवांदे थंयच." आणि घरी गेला. तेव्हापासून आमचे बोलणे नाही. देवापुढचा शब्द मागे घ्यायचा तर दोघा भावांनी मिळून गाऱ्हाणे घालावे लागते. मिळून जायचे तर आधी कोणीतरी तोंड उघडायला हवे. लोके घराण्यात ती पद्धत नाही.

मृत्युपत्रात खोटे लिहू नये म्हणून हेही लिहितो. गाडी आत-बाहेर करताना माझ्या बंपरने भाईचा जुना गडगा तीनदा पाडला होता. तिन्ही वेळा त्याने तो एकट्याने रचला आणि मी खुर्चीतून पाहिले. चिरे त्याने त्यानंतर आणले.

कलम ७. पिकअप गाडी. सन २०१२ मध्ये कुडाळला जुनी घेतली. पाठीमागे पाट्यांच्या स्प्रिंगला दोन जादा पाटे, लांब शॉकअब्सॉर्बर, पोटाखाली जाड पत्रा, मोठा रेडिएटर, दुसरी बॅटरी, जादा डिझेल टाकी. इंजिनने हवा वरून घ्यावी म्हणून टपापर्यंत नळी. एकूण एक काम माझ्या हातचे. मासळीवाली हौसाबाई पाणंदीच्या तोंडाशी पाटी टेकते, ती रोज विचारते, "अरे लवू, वाळूच होयी तर बंदरार चल! थंय काय कमी आसा?" तिला कोण सांगणार की समुद्राची वाळू ओली, तिची गोष्ट वेगळी, आणि बंदरावर जायलाही हीच पाणंद.

उभी गाडी कुजते. टायर एकाच जागी चपटे होतात, सील वाळतात. म्हणून दर रविवारी प्रेमलता ती चालू करते आणि अंगणात तीन हात पुढे, तीन हात मागे घेते. मी खुर्चीत बसून आवाज ऐकतो. गाडीचे सर्वांत जास्त सारथ्य तिनेच केले आहे, पण पहिला आणि मागचा असे दोनच गिअर तिला माहीत आहेत.

ही गाडी मी प्राजक्ताला देत आहे. अट अशी की माझ्या मृत्यूपासून एक वर्षात तिने आईला गाडीतून जैसलमेरच्या वाळूत न्यावे. माझी शपथ माझ्याबरोबर जळेल. ती वारसांना लागू नाही. गाडीचे पासिंग संपले आहे, ते आधी करून घ्यावे. वाळूत शिरण्यापूर्वी टायरची हवा पस्तीसवरून पंधरावर आणावी, डांबरावर येताच परत भरावी. गाडी रुतल्यास अ‍ॅक्सिलरेटर दाबू नये, जेवढा दाबाल तेवढी ती खाली जाते. खाली उतरावे, चाकांपुढची वाळू हाताने सारावी आणि आलो त्याच चाकोरीने मागे यावे. यात कमीपणा काही नाही.

आता जे कोणालाही सांगितलेले नाही ते. गाडीची मूळची चार अरुंद चाके मांगरात, म्हणजे मागच्या खोपटात, गवताच्या मागे, गोणपाटात गुंडाळून ठेवली आहेत. रुंद चाके आणि मडगार्डच्या जादा पट्ट्या काढून ती बसवली की गाडी पाणंदीतून सुटते. दोन तासांचे काम आहे. हे मला शपथ घेतली त्याच संध्याकाळी कळले होते. पण अरुंद चाकांवर बाहेर पडणे म्हणजे भाईचा गडगा कबूल करणे, आणि वर शपथ होतीच. अकरा वर्षे मी भाईने कोंडले म्हणून सांगत आलो. कडी आतून होती. प्रेमलताला तोंडावर सांगायची हिंमत नाही म्हणून इथे लिहितो. खाऱ्या वाऱ्यातही त्या चाकांना गंज नाही, एवढे माझे ग्रीस चांगले.

कलम ८. साक्षीदार. वकील म्हणाले, ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्ष घालू नये. वाडीत विचार करून पाहिला. मी ज्यांना काहीच देत नाही अशी सहीपुरती अक्षरओळख असलेली दोनच माणसे निघाली. एक हौसाबाई. दुसरा भाई. भाईला निरोप हौसाबाईबरोबर पाठवला आहे. तो येईल असे वाटत नाही.

येथवर शनिवारी लिहून झाले.

पुढील मजकूर रविवारचा. काल दुपारी माझा डोळा लागला तेव्हा प्रेमलताने हे सर्व वाचले. मी जागा झालो तर ती समोर बसलेली, कागद मांडीवर. ती रागावेल म्हणून मी छातीवर हात ठेवला. ती म्हणाली, "हात काडा. मिया सगळा वाचलंय."

"चाकांचा पण?"

"चाकां खंय आसत ता माका पयल्यापासून ठाव आसा. दर मिरगाआधी गोणपाटां कोण बदलता? तेल कोण लायता? म्हणे ग्रीस चांगला!" मग तिने कागदांची घडी घातली. "अकरा वर्सां वाट बघतंय, ह्यो माणूस कधी म्हणता, चाकां काड म्हणून."

मी म्हणालो, शपथ आहे, मी मेल्यावर प्राजक्ता नेईल. ती म्हणाली, "मेल्यावर माका वाळू कित्याक? शपथ तुमची, गाडी तुमची, म्हणान ती अडाकली. माका आताच देवन टाका. माजी गाडी खंयसून जाता ता देव बघीत नाय. आणि रुतल्यार मागे येवचा, कमीपणा नाय, असा तुमीच लिवलास." मी रडलो, हे डॉक्टरांना सांगू नये.

आज सकाळी मितेश आला. दोन तास लागतील म्हणालो होतो, त्याने दीड तासात चाके बदलली. सतरा नंबरचा पाना त्याच्याच खिशातून निघाला. प्रेमलता स्टिअरिंगवर बसली. मी गाडीच्या पुढे, हाताने खुणा करत, उलटा चालत होतो. मला भरभर चालता येत नाही, त्यामुळे पहिला गिअर पुरला.

निम्म्या पाणंदीत भाई आपल्या बाजूने गडग्याला टेकून उभा होता, सहीसाठी चष्मा लावून. तो माझ्याकडे बघत नव्हता, गाडीच्या कडेकडे बघत होता. एकाएकी म्हणाला, "प्रेमलता, सावकास गो. आरसो लागतलो." आणि हात पुढे करून त्याने गाडीचा आरसा आत दुमडला. गडगा आणि गाडी यांच्यामध्ये तीन बोटे उरली. पुढची तीस पावले तो गडग्यापलीकडून आरशावर हात धरून गाडीबरोबर चालत आला.

तरी जाहीर करतो की कलम ७ खोडलेले आहे. सदर गाडी आज सकाळपासून प्रेमलताची आहे, नावावर करण्याचे कागद मितेश आणणार आहे, आणि जे आपले नाही ते मृत्युपत्रात देता येत नाही. कलम ६ मधील पहिले वाक्यही खोडावे असे मनात होते. पण भाईला काही दिले तर त्याची साक्ष चालणार नाही, म्हणून ते तसेच ठेवले आहे. त्याला ते समजावून सांगितले. तो म्हणाला, "माका काय नको रे. माका मागे बसान येवंदे."

स्थळ : मिठबाव, पाणंदीच्या तोंडाशी, डांबरी रस्त्यावर.
तारीख : ९ फेब्रुवारी २०२५.

सही : लवू शांताराम लोके

साक्षीदार :
१) भाई शांताराम लोके
२) हौसाबाई, मासळीवाली (पाटी खाली ठेवून सही केली)

खुलासा : तिन्ही सह्या हललेल्या आहेत. त्यास सही करणाराचे हृदय किंवा साक्षीदारांचे वय कारण नाही. कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवला होता आणि खाली इंजिन चालू होते. ते बंद करण्यास गाडीच्या मालकिणीने साफ नकार दिला.