गाडी कडक लागते

४ नोव्हेंबर, शनिवार
माझ्या गाडीला शॉकअप कोणते बसवायचे, हे रफिकभाईने आज गॅरेजमध्ये माझ्यादेखत ह्यांना विचारलं. गाडी माझ्या नावावर, चालवते मी. तिथे बोलले असते तर नको ते तोंडून गेलं असतं. घरात बोलायची सोय नाही. म्हणून लिहायला घेतलं.

पुढचे दोन्ही शॉकअप गेलेत, बदलणं भागच आहे. कडक शॉकअप आणि आखूड स्प्रिंगा घातल्या तर गाडी वळणावर झुकत नाही. रविवारी मला तेच हवं. नरम घातले तर ह्यांच्या पाठीला बरं. खरेदी केंद्रावर कापसाच्या गंजीवरून पडले तेव्हापासून मणका दुखतो. सोम. आणि गुरु. शेक घ्यायला पांढरकवड्याहून यवतमाळला न्यावं लागतं. न्यायचं मीच, कॉलेज सांभाळून.

ह्यांनी मडगार्डवर तळवा ठेवून एकदा दाबलं. "नरम टाक. अन् स्प्रिंगीत रबरं भरून उचलून दे जराशी." झालं. सगळी नोकरी कापसाच्या ग्रेडरची. चिमूटभर कापूस बोटांत ओढायचा, प्रत सांगायची, शेतकऱ्याने मान खाली घालायची. रफिकभाईच्या वडिलांचा कापूसही ह्यांनीच बघितलेला. तो कशाला बोलेल.

५ नोव्हेंबर, रविवार
यव. जिनिंगचं आवार. भाव नाही म्हणून वेचलेला कापूस कोणी आणतच नाही, यंत्रं बंद, सिमेंटचं अंगण रिकामं. गाड्यांच्या क्लबची मुलं तिथे शंकू मांडतात. एकेकाने घड्याळ लावून मधून गाडी काढायची. शंकू पडला की वेळ वाढतो. साडीवर हेल्मेट घालणारी मी एकटीच.
आज गाडी होडीसारखी डुलली, शंकू पडले. क्लब चालवणारा नितीन माझा जुना विद्यार्थी. म्हणाला, "मॅडम, गाडी प्रत्येक शंकूले नमस्कार करून राह्यली." रागावले नाही, खरंच होतं.
त्या मिनिटभरात मला कोणी हाक मारत नाही. एवढंच आहे माझं. ते सोडणार नाही.

७ नोव्हेंबर
मार्ग काढला. स्प्रिंगा आहेत त्याच. शॉकअप असे घ्यायचे, ज्यांच्या डोक्यावर नॉब असतो: फिरवला की कडक, उलटा फिरवला की नरम. रविवारी एक, सोमवारी दुसरं. नितीनकडे वापरलेली जोडी आहे. झुकणं कमी करायला पुढे जाड आडवा बारही टाका म्हणाला. नको म्हटलं. त्या बारने दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात. एक खड्ड्यात गेलं की हिसका दोन्हीकडे. ह्यांच्या पाठीला ते नको. भौतिकशास्त्र इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवलं, स्वतःसाठी आज वापरलं.
रफिकभाई: "सायबाले इचारलं काय, मॅडम?" त्याच्यासमोर माझ्या नावाची आरसी ठेवली. मग बसवले.
घरी सांगितलं, नवे शॉकअप बसले. नॉबचं नाही सांगितलं.

१३ नोव्हेंबर, सोमवार
काल एकही शंकू पडला नाही. एकही.
आज सकाळी नॉब शेवटपर्यंत नरम केला. तरी निघाल्यापासून ह्यांचं एकच पालुपद. "कडक लागून राह्यली, शालू. मले समजते. जिंदगी हातावर काढली म्यां." मोहद्याला गाडी थांबवून बॉनेट उघडलं. नरमच होता. याहून नरम होत नाही.
पाठ त्यांची. दुखतच असेल.

२३ नोव्हेंबर, गुरुवार
काल पेपर पोचवायला यव.ला गेले होते. येताना जिनिंगवर दोन फेऱ्या मारल्या. घरी बोलले नाही, आणि सकाळच्या घाईत नॉब फिरवायचा राहिला. तशीच गाडी काढली.
हे मोहद्यापासून यव.पर्यंत झोपले. तोंड उघडं टाकून. उतरल्यावर मडगार्ड दाबून बघितलं, म्हणाले, "आज बरी हाये. रफिकनं काही केलं वाटते."
ते शेक घ्यायला आत गेल्यावर बघितलं. नॉब पार कडकवर.
म्हणजे पाठीला गाडी कडक लागत नाही. माझा रविवार लागतो.
सांगू कसं? सांगितलं तर त्यांच्या दुखण्याला खोटं म्हटल्यासारखं होईल, आणि ते खोटं नाही. खाटेवरून उठताना त्यांचा चेहरा मी रोज बघते. पण मग...

२७ नोव्हेंबर, सोमवार
स्टाफरूममध्ये कॉमर्सचे सर, दुसऱ्याला सांगावं तसं, मला ऐकू येईल असं: "जिल्ह्यात कापसाले भाव नाही, अन् बाई गोल-गोल फिरून राह्यल्या." हजेरीपट उचलून वर्गावर गेले. वेचणीमुळे वर्गात निम्मे बेंच रिकामे.
जेवताना हे म्हणाले, ड्रायव्हर पाहिला. केंद्रावरचा मनोहर. "केंद्र बंद, त्याच्या हाताले काम नाही. सोम-गुरु तो नेईन. तुयी दगदग वाचते. अन् रविवारी मले फुलसावंगीले बहिणीकडे जायाचं असते."
"कधीपासून असतं?"
"आतापासून."
पोळी वाढली. मनोहरला नाही कसं म्हणू? त्याची बायको रोज दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जाते. ह्यांना ते ठाऊक आहे. म्हणूनच मनोहर.

२ डिसेंबर, शनिवार
मनोहर आला. खुर्ची दिली तरी बसेना, उभ्यानेच चहा घेतला. "ताई, गाडीले लेकरावानी जपीन." चांगला माणूस आहे. तेच अवघड.
नितीनचा फोन: उद्या नऊला, क्लबची यंदाची शेवटची फेरी. येते म्हटलं नाही, येत नाही असंही नाही.
मनोहरला दिलं: किल्ली एक. आरसी, विमा. जॅक आणि पाना. टायरमध्ये हवा किती ठेवायची ते तोंडी सांगितलं. नॉब उद्यासाठी कडक करून ठेवलाय, ते त्याला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही.
दुसरी किल्ली कोणी मागितली नाही. मी दिली नाही.