राक्षसाचा डावा हात

३ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

परवा माझ्याकडे तुझ्या डाव्या हातातून कप पडला आणि तू कपालाच दोष दिलास. मी तुझी थोरली बहीण आहे, मला फसवू नकोस. आधी मान डॉक्टरांना दाखव. तुमच्या कुस्तीत कोण जिंकणार ते आधी ठरतं, राक्षसाचा मुखवटा घालून तू दर वेळी हरतोस, सगळं मान्य. पण आपटणं तर खरंच असतं ना? नवा पोशाख शिवून झालाय. कमरेला इलॅस्टिक घातलंय, कारण तुझं पोट काही ठरवून वाढत नाही.

जिवाला घोर आहे, लगेच उत्तर धाड.
तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हात कधीमधी बधिर होतो, हे कबूल. पण डॉक्टरांनी मान पाहिली की खेळणंच बंद करतील, आणि शनिवारी आमच्या खेळाचे मालक मला पहिल्यांदा जिंकवणार आहेत. थेट किताबच. अकरा वर्षं लोकांच्या शिव्या खाल्ल्या, एकदा तरी जिंकू दे.

ज्याला हरवायचं तो पोरगा माझा जुना भिडू आहे. त्याची काळजी नको. आमच्यात रीतच आहे, आपटल्यावर आपटणारा पडलेल्याचा हात धरतो आणि पडलेला गुपचूप दोनदा त्याचा हात दाबतो. म्हणजे मी बरा आहे, चालू दे. किताब मिळाला की डॉक्टरकडे जातो, तुझी शपथ.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा ढब्बू

१७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

टीव्हीवर पाहिलं असशील, पण खरं काय ते ऐक. भिडूला आपटलं, हात धरला, तर काहीच नाही. पुन्हा धरला, तरी नाही. नुकताच बाप झालाय तो. मी खेळ सोडून त्याची मान सावरत बसलो आणि डॉक्टरांना हाका मारल्या. तेव्हा तो डोळे मिटूनच पुटपुटला, की दाबून दाबून माझी बोटं दुखली, तुला झालंय काय. मी डाव्या हाताने धरला होता.

लोकांनी हुर्यो उडवली. मालक म्हणाले, सारवासारव करू, पुढच्या शनिवारी किताब तुझाच. मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण उद्या तो खरंच पडला आणि मला कळलंच नाही तर? हाताचं सगळं सांगून टाकलं आणि तिथेच रडलो. डॉक्टरांनी मान पाहिली, नस दबलीय म्हणाले. ऑपरेशन करायचं, आणि कुस्ती कायमची बंद.

आता तरी बोल माझ्याशी.
तुझा ढब्बू

२० मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

शेजारीण म्हणाली, तुझ्या भावाचं डोकं फिरलं. मी म्हटलं, आत्ताच कुठे ठिकाणावर आलंय. किताब गेल्याचं मलाही वाईट वाटतं रे. जेवत जा.

तुझीच, रागासकट,
ताई

२४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल भिडूने किताब जिंकला. मी मागच्या रांगेत होतो, मुखवट्याविना मला ओळखतो कोण. जीव तुटला, तरी टाळ्या वाजवल्या. शेजारचा माणूस बायकोला सांगत होता, की तो राक्षस नुसता दिसायलाच, इतकी वर्षं लढला पण एकाचंही हाड मोडता आलं नाही त्याला. ताई, माझं एवढं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.

मंगळवारी ऑपरेशन आहे. लोभ कागदावर नको, तो घेऊन तूच ये.
तुझा ढब्बू