खोडलेली ओळ

प्रिय देवराम,

पत्र उघडताच अक्षराला नावं ठेवशील, ठेव. तुझं अक्षर मोत्यासारखं, माझे कोंबडीचे पाय. तुझी बायको गेल्याचं दोन वर्षांपूर्वी कळलं तेव्हाही बसले होते लिहायला. दोन ओळी लिहिल्या आणि फाडल्या.

आपली ठाण्याची कचेरी रिकामी होतेय. महिनाअखेर सगळं नव्या इमारतीत जाणार, जुनीचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नाही. दप्तरं लावायला माहितगार माणूस हवं म्हणून मला डोंबिवलीहून बोलावलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी पाय आपोआप उजवीकडूनच पायऱ्या चढले. डावीकडची दुसरी पायरी अजून हलते. ओढायच्या पंख्याच्या कड्या छताला तशाच आहेत. खाडीचा वारा यावा म्हणून गोऱ्या साहेबाने व्हरांडा पूर्वेला घेतला होता, तिथून आता समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे दिसतात.

हे सगळं आपल्याला तोंडपाठ, कारण कचेरीच्या बांधकामाच्या फाइलची नक्कल आपणच केली होती. पारसिकच्या डोंगराचा दगड होड्यांतून खाडीपार आला, हे वाचून तू म्हणालास, त्यातला अर्धा आमच्या कळव्याच्या पणज्याने वाहिलाय, तेव्हा कचेरी आमचीच. नक्कल तू करायचास. मग रुजवातीला तू ती मोठ्याने वाचायचास आणि मी मूळ कागदावर बोट ठेवून ताडून बघायचे. नऊ वर्षं तो तुझा कोरडा सरकारी सूर ऐकला मी. रविवारी करमायचं नाही रे त्याच्यावाचून. त्या दिवशी सागवानी तुळयांची यादी संपली आणि त्याच सुरात तू वाचलंस, की देवराम यास आसावरी हिच्याशी लग्न करण्याची इच्छा आहे. आणि मी, बोटही न उचलता म्हणाले, ही ओळ मुळात नाही, पुढे वाच.

सवयीने बोलून गेले, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. घाबरले होते. नौपाड्यातले आमचे कर्मठ बाबा डोळ्यांपुढे उभे राहिले. तू पुढे वाचलंस, आवाज जराही हलला नाही, आणि महिन्याभरात मुरबाडला बदली मागून घेतलीस. मी लग्न केलं नाही. बाबांचं करायला कुणी नव्हतं, हे लोकांना सांगायला बरं पडलं.

मला वाटायचं, ती ओळ तू वाचता वाचता जोडलीस. परवा त्या फाइलच्या तळाशी तुझ्या नकलेचं एक बाद केलेलं पान सापडलं. ओळ लिहिलेली आहे, तुझ्या मोत्यांनी. वर रेघ मारलीय आणि समासात तुझी बारीक सही. अरे शहाण्या, खाडाखोडीवर दोघांच्या सह्या लागतात, नक्कल करणाऱ्याची आणि रुजवात घेणाऱ्याची. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तूच शिकवलंस मला. माझी सही नाही तिथे. म्हणजे नियमाने ती ओळ अजून खोडलेली नाही, आणि मी सही करणार नाही. एवढंच कळवायला हे लिहिलं. शनिवारी अकराला शहाडच्या तुझ्या घरून इथे कचेरीत ये. मी पूर्वेच्या व्हरांड्यात असेन. डावीकडची पायरी सांभाळ.

फार उशिरा लिहितेय, पण तुझीच,
आसावरी