वन्समोअरची ओळ

बेळगाव, गुरुवार, कार्तिक वद्य तृतीया

आमचे गवई वन्समोअर मिळाला की स्वतःच्या पदात नवी ओळ घालायचे, पुढच्या खुर्चीवाल्याला चिमटा काढणारी. ते जाऊन वर्ष झालं, पण खडेबाजारात आप्पांच्या दुकानात जमणारे भक्त त्यांच्या रेकॉर्डलाही वन्समोअर देतात! आज पुढच्या खुर्चीत मी. मी त्यांना कधी वन्समोअर दिला नाही. नुसती टीका लिहिली.

आप्पांनी सुई परत ठेवली. या खेपेला एक जादा ओळ आली, माझ्या नव्या काठीवर. काठी कालच घेतलेली! भास म्हणावा, तर सगळे हसले.

"अण्णा, तुमच्यावरच की वो!"

आप्पा मात्र पांढरे पडले. "रेकॉर्डात ही ओळ न्हाय."

मग जन्मात पहिल्यांदा मीच ओरडलो, "वन्समोअर!"

सुई ठेवायला कुणी धजलं नाही.