टच झाला होता, दादा

रेगेन्सबर्ग
१२ ऑक्टोबर, रविवार

प्रिय राजसदादा,

कसा आहेस? ऊर्मिलावहिनीची सर्दी गेली का? तुझं कॉन्ट्रॅक्ट परमनंट झाल्याचं तिने सांगितलं. अभिनंदन. तुझे फोन घेतले नाहीत, सॉरी. व्हॉट्सॲपवर काही लिहिलं की तू अंगठा पाठवतोस आणि विषय संपतो, म्हणून हा मेल. डाव्या हाताने टाइप करतेय, त्यामुळे मिस्टेक्स असतील. तशा माझ्या मराठीत नेहमीच असतात.

माझं बरं चाललंय. थंडी सुरू झालीय. लॅबचं प्रॅक्टिकल पुढच्या सेमिस्टरला ढकललं.

आपली लीग काय मस्त झाली ना? एप्रिलमध्ये मी ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या १८७७च्या फुटबॉल सीझनबद्दल सगळ्यांना इतकं पकवलं, की तू म्हणालास, "बाई, आता खेळूनच टाकू, म्हणजे तू गप्प बसशील!" आणि खरंच चार टीम्स उभ्या राहिल्या. लंबगोल बॉल, जुने रूल्स. फक्त गोल मोजायचे. फायनल नाही, सीझनभरात जो पुढे तो चॅम्पियन. अंपायर नाही, वाद झाला तर दोन कॅप्टन्सनी आपसात मिटवायचा. आपल्या टीममधला सुमित म्हणाला होता, "अंपायर नाही? आपण पुण्याची माणसं, मॅच डिसेंबरपर्यंत चालेल." तेव्हा मीच त्याला लेक्चर दिलं, की कॅप्टनच्या शब्दावर विश्वास ठेवणं हीच तर या गेमची मजा आहे.

त्या वर्षी ॲडलेडला दोन क्लब जॉइंट पहिले आले होते. फ्राउ ब्योम कॅप्टन असलेल्या टीमबरोबरची आपली शेवटची मॅच ड्रॉ झाली असती तर आपण आणि ते तसेच जॉइंट आलो असतो. मी आठवडाभर त्याच स्वप्नात होते. हसशील तू. हस.

वन-ऑल होतं. शेवटचं मिनिट. त्यांच्या पोराने किक मारली आणि मी पोस्टसमोर उडी मारली. बॉल माझ्या बोटाला लागून आत गेला. कुणाचाही हात लागला तर गोल नाही, हा आपलाच रूल. मी ओरडले, "टच! टच!" तू माझ्या शेजारीच होतास.

फ्राउ ब्योमनी लगेच गोल घेतला नाही, आठवतंय? तुला विचारलं, "राजस?"

आणि तू हसून म्हणालास, "नाइन, नाइन. टोर इस्ट टोर. निधी जरा इमोशनल आहे." नाही नाही, गोल तो गोल. सगळ्यांनी तुझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. किती फेअर कॅप्टन! माझ्याकडे सगळे असे बघत होते, जसं मी रडीचा डाव खेळले.

एवढंच असतं तर मी विसरले असते. तुला दिसलं नसेल, असं धरून चालले असते. पण बॅगा उचलताना तू हळूच मराठीत म्हणालास, "अगं, दिसलं मला. पण बॉस आहे ती माझी. कॉन्ट्रॅक्ट तिच्या सहीवर अडकलंय, तिच्याशी कुठे भांडू? गेम आहे गं, सोड."

दादा, बोट मोडलंय. उजव्या हाताचं, दोन ठिकाणी. हॉस्पिटलमध्ये तार घातली. मी एकटीच गेले होते.

मावशीला सांगितलं, सायकलवरून पडले. ती म्हणाली, "राजस आहे ना जवळ, मग मला काळजी नाही." मी हो म्हटलं.

परवा बेकरीत फ्राउ ब्योम भेटल्या. प्लास्टर बघून त्यांनी तिथेच खुर्ची ओढून मला बसवलं. म्हणाल्या, "बोटाला लागल्याचा आवाज मला आला होता. म्हणूनच तर राजसला विचारलं. तो टच म्हणाला असता, तर मी लगेच हो म्हटलं असतं. विषय संपला असता."

मी चिडून विचारलं, "मग तुम्ही स्वतःच का नाही बोललात?"

त्या म्हणाल्या, "आल्झो, खरंय, बोलायला हवं होतं. पण निधी, मी तुझी कॅप्टन नव्हते."

कॉन्ट्रॅक्टचं मी त्यांना काही सांगितलं नाही. आपल्या माणसाचं बाहेर झाकायचं असतं, एवढं मला कळतं. सही त्यांनी त्या मॅचच्या आधीच केली होती, हे त्यांच्याच बोलण्यात आलं. तुला फक्त कागद उशिरा मिळाला. म्हणजे तू मला फुकटच विकलंस, दादा.

शनिवारच्या लीगच्या डिनरला मी येणार नाही. लीग कशी सुरू झाली ते माझ्याऐवजी तूच सांग. तुला जमतं छान बोलायला, जर्मनमध्ये पण. आणि पुढच्या सीझनला मला व्हाइस-कॅप्टन करायचं म्हणतोयस असं सुमितकडून कळलं. नको. मी फ्राउ ब्योमच्या टीममधून खेळणार आहे. त्यांनी बोलावलं नाही, मीच विचारलं. तुझ्यासमोर खेळताना बॉल माझ्या हाताला लागला, तर मी स्वतःच सांगेन. तुला काही बोलावं लागणार नाही.

वहिनीला नमस्कार. मावशीला यातलं काही कळवू नकोस, तिला त्रास होईल.

तुझ्या आईची भाची,
निधी